धरावा, मोजावा नि सोडावा!

मासा गळाला लागला की तो टोपलीत जायचा, टोपलीतून विळीवर आणि विळीवरून तव्यावर. या प्रवासाला परतीचे तिकीट असू शकते, हे आम्हा अष्टागरच्या मंडळींच्या स्वप्नातही कधी आले नसते. पण गेली काही वर्षे माझे बिऱ्हाड टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या एका उपनगरात आहे. आणि इथे धडधाकट, मिळवती, मुलाबाळांची माणसे पहाटे चारला उठतात, शे-सव्वाशे किलोमीटर मोटार हाकतात, दिवसभर उन्हातान्हात होडीवर उभी राहून मासा धरतात आणि धरल्याबरोबर तो पाण्यात सोडून देतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. वर पुन्हा त्यांचे चेहरे असे प्रसन्न, की जणू घरी सत्यनारायण घालून आले आहेत!

"रिकामटेकड्यांचे उद्योग!" हे आमच्या सौभाग्यवतींचे मत. ती मूळची मालवणची. "खायचा नाही, तर त्या बिचाऱ्याच्या तोंडात गळ तरी कशाला घालायचा?" असा तिचा रोकडा सवाल. सवाल सोपा आहे. जबाब मात्र वाटतो तितका सोपा नाही. तो शोधण्यासाठी म्हणा, किंवा नुसत्या कुतूहलाने म्हणा, यंदा मार्चच्या अखेरीस मी आमच्या शेजाऱ्यांबरोबर लेक फोर्क नावाच्या तळ्यावर गेलो. हे शेजारी म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. बोलणे बेताचे, टोपी कायम डोक्यावर, आणि वसंत ऋतू आला की नाही हे ते पंचांगावरून नव्हे, तर पाण्यात बुडवलेल्या उष्णतामापकावरून ठरवतात.

बुडालेल्या रानाचे तळे

लेक फोर्क हे डॅलसच्या पूर्वेस मोटारीने सुमारे दीड तासाच्या वाटेवर आहे. याला तळे म्हणायचे ते मोठेपणाने. खरे तर हे धरणाचे पाणी. सबाइन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर धरण बांधून १९८० साली हे पाणी अडवण्यात आले. टेक्सासातली जवळजवळ सारीच मोठी तळी अशी माणसाने केलेली आहेत. आपल्या मुळशी-पानशेतची ही भावंडेच म्हणायची. पसारा २७,६९० एकरांचा.

धरण झाले तेव्हा बुडणाऱ्या जमिनीवरची झाडे ठिकठिकाणी तशीच उभी ठेवली गेली. त्यामुळे आजही पहाटेच्या धुक्यात तिथे गेले, की पाण्यातून शेकडो काळी, निष्पर्ण खोडे वर आलेली दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटाच येतो. पण माशांना ही बुडालेली राने म्हणजे वाडे नि दिवाणखाने. शिवाय मत्स्यखात्याने तळे भरण्याच्या सुमारासच या खोऱ्यात फ्लोरिडाच्या वाणाचे बास मासे सोडले होते. हे वाण अंगाने थोराड. नवे पाणी, भरपूर खाणे आणि लपायला जंगल. दहा-बारा वर्षांत या तळ्याचे नाव साऱ्या देशात झाले. जानेवारी १९९२ मध्ये बॅरी सेंट क्लेअर नावाच्या गृहस्थाला इथे १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा बास मिळाला. टेक्सास राज्याचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. आणि गंमत अशी, की हे गृहस्थ बास धरायला गेलेच नव्हते. ते क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी गळ टाकून बसले होते!

मोठ्या तोंडाचा मानकरी

बास म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवे. अलिबाग-पेणकडचा जिताडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तोच डोळ्यांपुढे आणावा. अर्थात जिताड्याशी याचे जवळचे नाते नाही. पाठ हिरवट, पोट पांढरे, कुशीवर काळसर पट्टा. जबडा एवढा मोठा, की तोंडाची कड डोळ्याच्याही मागे जाते. म्हणून त्याचे नावच 'लार्जमाउथ', मोठ्या तोंडाचा. दुसरा मासा, बेडूक, नांगीवाला क्रॉफिश, पाण्यावर पडलेले किडूकमिडूक, याला काहीही चालते. खोडाच्या आडोशाला दबा धरून बसायचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचे, ही याची रीत. गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारतो, डोके झाडतो, आणि पुष्कळदा गळ झटकून पसारही होतो. या झुंजीचेच अमेरिकेला वेड आहे.

एके काळी इथेही धरलेला मासा घरीच जाई. जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून अधिक वजनाचा बास धरला. जगाच्या विक्रमाचा हा मासा! पण दिवस होते मंदीचे. पेरीने वजन करून घेतले, आणि घरी नेऊन घरच्यांनी तो चक्क खाल्ला. आमच्या सौभाग्यवतींना ही हकिगत फार आवडली. "शहाणा मनुष्य!" ती म्हणाली.

सोडून देण्याची चाल रूढ झाली ती पुढे. अलाबामाच्या रे स्कॉट नावाच्या विमा-एजंटाने १९६७ साली बास धरण्याच्या स्पर्धा सुरू केल्या आणि १९६८ साली त्यासाठी एक संघटनाही काढली. स्पर्धा वाढल्या, तशी मेलेल्या माशांच्या ढिगांवरून कुरबुरही वाढली. तेव्हा १९७२ पासून स्कॉटने मासा जिवंत ठेवा, वजन करा आणि परत सोडा, असा प्रचार आरंभला. होडीतच खेळत्या पाण्याची टाकी आली. विक्रम करायचा तर उद्यासाठी मासा शिल्लक पाहिजे, हा त्यामागचा साधा व्यापारी हिशेब होता. पुढे हिशेबाचे रूपांतर रिवाजात झाले.

फुले उमलली की

बासचा खरा हंगाम वसंताचा. हिवाळाभर हा मासा खोल पाण्यात सुस्त असतो. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते. उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या खाचा-कोपऱ्यांना थंड उत्तर वाऱ्याचा आडोसा असतो आणि ऊनही भरपूर मिळते, म्हणून तिथले पाणी आधी कोमट होते. तिकडे मासे सरकू लागतात. पण एकदम नव्हे. बुडालेल्या ओढ्याच्या पात्राने, जणू गाडीरस्त्याने यावे तसे, टप्प्याटप्प्याने. खोल पाण्याकडून उथळाकडे वळण्यापूर्वी माद्या पोटे भरून घेतात, आणि मोठा मासा गळाला लागण्याची संधी असते ती याच दिवसांत.

पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साडेपंधरा सेल्सियसच्या वर गेले की अंडी घालण्याची वेळ झाली. टेक्सासात हा काळ फेब्रुवारीपासून मेपर्यंत कुठेही पडू शकतो. जुन्या मंडळींच्या खुणा मात्र वेगळ्या. रानात रेडबडची गुलाबी आणि डॉगवुडची पांढरी फुले दिसली, की गळ बाहेर काढावेत, असे ते सांगतात. आपल्याकडे पळस फुलला की होळी आली म्हणतात, तसेच. मार्चच्या पौर्णिमेवरही त्यांची मोठी श्रद्धा. म्हणजे आपल्या होळीच्याच पौर्णिमेवर! मी हे शेजाऱ्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी टोपी मागे सारून विचारले, "मग तुमच्याकडे त्या दिवशी बास धरतात?" मी म्हटले, "नाही, बोंब मारतात." हे त्यांना कितपत उमगले कोण जाणे.

वसंताचा भरवसा मात्र धरू नये. उत्तरेकडून थंड वाऱ्याची एक लाट आली, की एका रात्रीत पाणी गारठते आणि काठाशी आलेले मासे पुन्हा खोलात जातात. काल जिथे दहा लागले, तिथे आज एक लागत नाही. पट्टीचे मच्छीमार अशा दिवशी घरी बसतात. आमच्यासारखे नवखे भिजून, कुडकुडून घरी येतात.

सोळा ते चोवीस

आमच्या नशिबाने त्या दिवशी वारा पडलेला होता. होडीवरच्या यंत्राने पाणी ६४ अंश दाखवले. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर लावून, आवाज न करता शेजाऱ्यांनी होडी एका ओढ्याच्या तोंडाशी, बुडालेल्या खोडांत नेली. माझ्या हाती काठी दिली. तंगुसाच्या टोकाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे, आणि गळावर रबराचे जांभळे गांडूळ. गळाचे टोक त्या रबरातच लपवलेले, म्हणजे ते लाकडात अडकत नाही. याला 'टेक्सास रिग' म्हणतात. लहानपणी खाडीवर गरवायला बसत असे, त्यामुळे हाताला सवय होती. परंतु इथे वाट पाहत बसायचे नसते. गांडूळ तळाला जाऊ द्यायचे, जरासे उचलायचे, पुन्हा सोडायचे. दोरीतून बोटांना काय जाणवते, तिकडे सारे लक्ष.

दोन तास काही नाही. मग एकदम कुणी दारावर दोनदा टकटक करावी तसे बोटांना जाणवले. "मारा!" शेजारी ओरडले. मी काठी ओढली, आणि पुढची तीन-चार मिनिटे काय चालले होते ते मला नीटसे सांगता यायचे नाही. काठी कमानीसारखी वाकली, खोडाभोवती फिरू पाहणारी दोरी कशीबशी सुटली, आणि एक हिरवे-सोनेरी धूड पाण्याबाहेर उसळून पुन्हा आत पडले. अखेर शेजाऱ्यांनी तिला जाळीत घेतले. हो, तिला, मादीच होती ती, अंड्यांनी पोट तट्ट फुगलेले. सात पौंड वजन! बासचे दात वाळूच्या कागदासारखे खरखरीत पण बोथट असतात, त्यामुळे खालचा ओठ अंगठ्याने धरून मासा उचलता येतो. मी उचलला. आयुष्यात एवढा मासा मी बाजारातही क्वचितच विकत घेतला असेल.

शेजाऱ्यांनी मोजपट्टी काढली. साडेएकवीस इंच. त्यांनी मान हलवली आणि बोट पाण्याकडे केले.

लेक फोर्कचा नियमच तसा आहे. सोळा इंचांपासून चोवीस इंचांपर्यंतचा प्रत्येक बास तत्काळ पाण्यात सोडलाच पाहिजे. सोळाच्या आतले ठेवता येतात. चोवीसच्या वरचा एकच. आणि एकूण दिवसाला पाच. आपल्याला हे उफराटे वाटेल. लहान सोडावेत, मोठे घ्यावेत, ही आपली समजूत. इथे हिशेब वेगळा. लहान मासे संख्येने पुष्कळ. त्यांतले काही कमी झाले तर उरलेल्यांना खायला मिळते आणि ते झपाट्याने वाढतात. मधल्या मापाच्या माद्या मात्र तळ्याची पुंजी. एकेक मादी दोन हजारांपासून त्रेचाळीस हजारांपर्यंत अंडी घालते. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये, हे मध्यमवर्गीय माणसाला निराळे शिकवायला नको!

मी तिला पाण्यात धरले. कल्ले दोन-तीनदा हलले. मग शेपटीचा एक फटकारा माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. तळहाताला तेवढा शेवाळाचा वास उरला.

घरट्यावरचा बाप

दुपारी आम्ही एका उथळ खाचेत गेलो. शेजाऱ्यांनी मला त्यांचा पोलराइझ्ड काचांचा चष्मा दिला. त्यातून पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि तळ स्वच्छ दिसतो. तीन फूट पाण्याखाली परातीपेक्षा मोठे, स्वच्छ झाडलेले एक वर्तुळ होते. मधोमध एक मासा उभा. फार मोठा नव्हे. दोन-अडीच पौंडांचा असेल.

"बाप आहे," शेजारी हळूच म्हणाले.

बासच्या संसारात घर करतो तो नर. शेपटीने तळावरचा गाळ झाडून तो ही जागा तयार करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुष्कळदा नरच तिला हुसकावतो. मग पाच ते दहा दिवस, अंडी फुटेपर्यंत, आणि त्यानंतरही पिले पोहू लागली तरी काही दिवस, राखण एकट्या बापाची. पंखांनी अंड्यांवर वारा घालायचा, म्हणजे ताजे पाणी खेळते राहते. या काळात त्याचे खाण्याकडे फारसे लक्ष नसते. भोवती ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे चपटे मासे टपलेले असतात. बाप जरा हलला, की अंडी त्यांची.

शेजाऱ्यांनी एक रबरी गांडूळ घेतले, त्यात गळ घातलाच नाही, आणि ते नेमके त्या वर्तुळात सोडले. नर वळला. नाकाने हुंगले. मग अलगद तोंडात धरून ते घरट्याबाहेर हातभर नेले आणि थुंकून टाकले. पुन्हा जागेवर येऊन उभा! तीनदा टाकले, तीनदा त्याने बाहेर नेऊन टाकले. भूक म्हणून नव्हे, घरात शिरलेला चोर म्हणून. आता त्या रबरात गळ असता तर? मासा हमखास लागला असता. वसंतातले पुष्कळ 'यश' हे असे असते.

पलीकडच्या खाचेत दोन तरुणांची होडी होती. त्यांनी अशाच एका बापाला धरले. मासा सोडणारच होते ते, भली पोरे. पण आधी छायाचित्र, मग दुसऱ्याच्या हातात देऊन आणखी एक छायाचित्र. आमची होडी तोवर वाऱ्याने तिकडे सरकली होती. चष्म्यातून मला ते रिकामे वर्तुळ दिसत होते. क्षणभर काही नाही. मग एक ब्लूगिल आला, मग दोन, मग घोळकाच, डोकी खाली खुपसून. नर पाण्यात पडला तो बाणासारखा घराकडे गेला आणि त्या साऱ्यांना त्याने उधळून लावले. किती अंडी उरली असतील, देव जाणे. संशोधकांनी हे अभ्यासले आहे. बाप जितका अधिक वेळ दूर, तितकी अंडी अधिक जातात; आणि फारच थोडी उरली तर पुष्कळदा तो घरटे सोडूनच जातो.

यावर इथे मोठा वाद आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात अनेक तळ्यांवर जूनच्या उत्तरार्धापर्यंत बास धरायला बंदी असते. तिथला उन्हाळा आखूड. एकदा साधलेली संधी गेली की वर्ष गेले. टेक्सासात अशी बंदी नाही. इथला हंगाम लांब, घरटी अनेक. काही उद्ध्वस्त झाली तरी तळ्याच्या एकूण संख्येला धक्का लागत नाही, असे बंदी नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे. शेजाऱ्यांना मी त्यांचे मत विचारले. ते म्हणाले, "तळ्याला फरक पडत नसेल. त्याला पडतो." एवढेच बोलून त्यांनी होडी वळवली.

मला त्या वेळी आमच्याकडची वलगण आठवली. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, की ओढ्या-नाल्यांतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढून भातखाचरांत येतात. कुणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात. कंदील, टोपल्या, काठ्या घेऊन सारा गाव रात्री शेतात. पोटात गाबोळी भरलेली, म्हणून तर त्यांची गोडी! ती रात्र वर्षातला सण असे आणि त्या आमटीची चव अजून जिभेवर आहे. समुद्राच्या बाबतीत मात्र आपण शहाणे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी दर्यात घालायची नाही, ही कोळ्यांची जुनी रीत. आता यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदीही असते. जे दर्याला कळले, ते ओढ्याला कळायला हरकत नसावी.

एथेलबाई आणि बिवाचे तळे

लेक फोर्कवर मार्क स्टीव्हन्सन या वाटाड्याने नोव्हेंबर १९८६ मध्ये १७.६७ पौंडांची मादी धरली. तेव्हाचा तो राज्यविक्रम. तिचे नाव ठेवले एथेल. मत्स्यखात्याने नुकतीच एक योजना आखली होती. कुणाला तेरा पौंडांहून मोठी मादी मिळाली, तर ती खात्याला उसनी द्यावी. तिची अंडी घेऊन पिले वाढवायची आणि ती राज्यातल्या तळ्यांत सोडायची. एथेल या योजनेतली पहिली. पुढे ती मिसुरी राज्यात एका दुकानाच्या काचेच्या हौदात राहिली आणि असंख्य लोकांनी तिला पाहिले. १९९४ मध्ये ती म्हातारपणाने वारली, तेव्हा तिच्यासाठी स्मृतिसभा भरली! ही योजना आजही चालू आहे. अथेन्स नावाच्या गावी १९९६ साली उघडलेल्या मोठ्या केंद्रात या माद्यांची सरबराई होते.

पण सोडणे म्हणजेच पुण्य, असेही समजू नये. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा तळ्यात मानाबू कुरिता यांनी पेरीच्या माशाशी बरोबरी करणारा बास धरला. त्याच तळ्यावर धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला २००३ पासून कायद्याने मनाई आहे! कारण बास तिथला नव्हे, बाहेरून आणलेला. त्याने तिथल्या मूळच्या लहान माशांचा फडशा पाडला. लेक फोर्कवर जो ठेवायचा नाही, तोच बिवावर सोडायचा नाही. धरावे की सोडावे, हे माशावरून ठरत नाही, पाण्यावरून ठरते.

संध्याकाळी परतताना आम्हाला खोल पाण्यातल्या खोडांत चौदा-चौदा इंचांचे दोन बास मिळाले. नियमात बसणारे. ते मी घरी आणले. सौभाग्यवतींनी आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवले आणि तळले. "सुरमईची सर नाही," असा निकाल तिने दिला. पण ताटात काटे तेवढे उरले.

एप्रिलच्या मध्यावर मी शेजाऱ्यांबरोबर पुन्हा त्या उथळ खाचेत गेलो. वर्तुळावर गाळ बसू लागला होता. मात्र जवळच्या गवताशी पाण्यात एक काळसर ढग हलत होता. तीळ सांडावेत तशी शेकडो पिले! आणि त्या ढगाच्या बाहेरून, रोडावलेला, शेपटीची कड झिजलेला एक नर संथपणे फेऱ्या घालत होता.

पुण्या-मुंबईचे पुष्कळ आईबाप मार्च-एप्रिलमध्ये मुलांकडे डॅलसला येतात आणि दुकाने पाहून कंटाळतात. त्यांनी एक दिवस तळ्यासाठी राखून ठेवावा. सतरा वर्षांवरील माणसाला गळ टाकायला परवाना लागतो; पण राज्य उद्यानाच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला तोही लागत नाही. आणि गळ टाकायचा नसला, तरी उथळ पाण्यात नीट निरखून पाहावे. पिलांचा काळा ढग दिसला, तर बापही आसपास असेलच.